लोकसत्तेतील नवे वतन

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण असे शिकतो की, लोकशाहीत सत्ता लोकांची असते आणि लोकप्रतिनिधी हे लोकांचे सेवक असतात. हे विधान खरे आहे, परंतु ते अपुरे आहे. हे सेवकपण कोणी पत्करावे, किती काळ पत्करावे आणि मुदत संपल्यावर त्या सेवकाने कोठे जावे, या प्रश्नांची उत्तरे त्या विधानात मिळत नाहीत. जो मनुष्य शेती, दुकान, वकिली किंवा वैद्यकी करता करता चार वर्षे लोकांचे काम अंगावर घेतो आणि नंतर आपल्या उद्योगाकडे परततो, तो एका प्रकारचा प्रतिनिधी होय. ज्याला सत्तेवाचून दुसरा उद्योगच नाही, ज्याचे पोट, प्रतिष्ठा आणि घराणे हे सर्व त्या एका खुर्चीवर अवलंबून आहे, तो दुसऱ्या प्रकारचा. दोघेही मतांनीच निवडून येतात. तथापि दोघांच्या वर्तनात महदंतर पडते. आणखी तीन-चार वर्षांत तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाती मताधिकार येईल. तेव्हा या भेदाचा विचार तुम्ही आतापासूनच करावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली इंग्रजांचे जोखड झुगारून दिले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. राजा गेला, परंतु त्याच्या जागी अधिकाऱ्यांचा एक नवा वर्ग कायमचा बसला तर स्वातंत्र्य मिळवून काय साधले, अशी त्यांना धास्ती होती. पेन्सिल्व्हेनिया संस्थानाने त्याच वर्षी जी घटना केली, तिच्यात असा निर्बंध होता की, कोणाही मनुष्यास सात वर्षांत चार वर्षांहून अधिक काळ विधिमंडळाचे सभासद राहता येणार नाही. त्याच घटनेत असेही म्हटले होते की, आपले स्वातंत्र्य टिकविण्यासाठी प्रत्येक स्वतंत्र नागरिकाजवळ काहीतरी धंदा, कसब किंवा शेती असावी. लाभाची पदे निर्माण केली की माणसे परावलंबी आणि लाचार होतात. अधिकारपदे आळीपाळीने फिरती ठेवली म्हणजे अधिक लोकांस सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळते, असाही विचार तीत मांडला होता. पुढे १७८१ साली तेरा संस्थानांचा जो पहिला संघ अमलात आला, त्याच्या नियमांनुसार प्रतिनिधीस सहा वर्षांत तीनच वर्षे संघाच्या सभेत बसता येत असे, आणि संस्थानाला वाटेल तेव्हा त्याला परत बोलावता येत असे.

या विचाराचे मूर्तिमंत उदाहरण म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव घेतले जाते. युद्ध जिंकल्यावर सारे सैन्य त्याच्या पाठीशी होते. मनात आणले असते तर तो काहीही होऊ शकला असता. परंतु २३ डिसेंबर १७८३ रोजी त्याने सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि तो आपल्या शेतीवाडीकडे निघून गेला. नंतर तो दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला आणि १७९६ साली, आपण तिसऱ्यांदा उभे राहणार नाही, असे त्याने देशबांधवांस कळविले. लोकांना त्याच्या ठायी प्राचीन रोमचा सिन्सिनेटस दिसला. इ. स. पूर्व ४५८ मध्ये नांगर सोडून राज्यरक्षणास धावलेला आणि संकट टळताच सर्वाधिकार टाकून पुन्हा नांगराकडे गेलेला शेतकरी अशी या रोमन पुरुषाची परंपरागत ख्याती आहे. वॉशिंग्टनने घातलेला हा दंडक दीडशे वर्षे कोणत्याही कायद्यावाचून पाळला गेला. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर मात्र १९५१ साली तो घटनेत लिहून ठेवावा लागला.

परंतु इतिहासाची एकच बाजू पाहणे हे अभ्यासकाचे लक्षण नव्हे. १७८७ साली अमेरिकेने जी नवी राज्यघटना तयार केली, तिच्यात प्रतिनिधींच्या आळीपाळीचा नियम ठेवला नाही. जेफर्सनला ही गोष्ट रुचली नाही. उलट हॅमिल्टनचे म्हणणे असे की, पुन्हा निवडून येण्याची आशाच नाहीशी केली तर चांगले काम करण्याची प्रेरणाही नाहीशी होईल आणि अनुभवी माणूस नेमका उपयोगी पडण्याच्या वेळी घरी बसेल. पुढे १८२९ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनने आळीपाळीचे तत्त्व सरकारी नोकरांनाही लागू केले. सरकारी कामे इतकी साधी असतात की कोणाही समंजस माणसाला ती जमतील, असा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात झाले असे की, जिंकलेला पक्ष आपल्या अनुयायांत नोकऱ्या वाटू लागला. नोकरीची अपेक्षा फोल ठरलेल्या एका इसमाने १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली आणि त्या जखमेने त्यांचा अंत झाला. त्यानंतर १८८३ साली कायदा होऊन नोकऱ्या परीक्षेने देण्यास आरंभ झाला. सारांश, पदे फिरती ठेवणे हे औषध आहे; पण कोणत्या रोगावर आणि किती मात्रेत द्यावयाचे, याचे भान सुटले तर तेच औषध बाधते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. वॉशिंग्टनच्या शेतात राबणारे हात गुलामांचे होते. धनी सेनापती होऊन रणांगणावर किंवा अध्यक्ष होऊन राजधानीत राहिला तरी त्याची शेती चालू राही, ती त्यांच्या श्रमांवर. स्त्रियांना, गुलामांना आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना त्या नागरिकांच्या राज्यात स्थान नव्हते. ज्याच्या घरी दुसरे कोणी राबते, त्यालाच लोकसेवेसाठी सवड मिळते, हे सत्य त्या उज्ज्वल चित्रामागे दडलेले आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. गोमंतकात गावकारी ही संस्था फार प्राचीन. पोर्तुगीज येथे आले तेव्हा ती इतकी दृढमूल होती की, त्यांनाही १५२६ साली तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवून मान्य करावे लागले. खाजनांचे बांध, पाण्याचे पाट, गावची देवळे, शेतांची लिलावाने वाटणी हे सारे गावकार एकत्र बसून पाहत. महत्त्वाच्या निर्णयाला निरनिराळ्या वांगडांची संमती लागे. येथे कोणी पगारी पुढारी नव्हता. बांध फुटला तर निर्णय करणाऱ्याचेही शेत खाऱ्या पाण्याखाली जाई, म्हणून तो निर्णय जपून घेई. स्वतः शेती कसणाऱ्या कारभाऱ्याचा हा मोठा गुण होय. परंतु या संस्थेतही गावकारपण जन्माने मिळे. जो कूळ म्हणून किंवा मजूर म्हणून त्याच शेतात राबे, त्याला त्या बैठकीत बोलण्याचा अधिकार नसे, आणि स्त्रियांना तर नव्हताच. म्हणजे कारभार नागरिकांचा, पण नागरिक मोजके, अशीच स्थिती येथेही होती.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात बरेच उशिरा गेले; डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, तर पेडणे १७८८ साली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही या भागात देसाई, सरदेसाई, राणे, देशप्रभू अशा वतनदार घराण्यांचे वर्चस्व होते. वतन ही काय चीज आहे, हे मराठी माणसास सांगावयास नको. मूळ हेतू असा की, गावचे काम करणाऱ्याने काम करावे आणि त्याबद्दल काही उत्पन्न खावे. कालांतराने काम मागे पडले आणि उत्पन्न तेवढे उरले. तेही बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, वतनदारांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. वतनदार म्हणजे जणू लहान राजेच. त्यांना मोकळे सोडले तर ते राज्याला डोईजड होतात, हे त्या अनुभवी मुत्सद्द्याने ओळखले होते. सेवेचे पद हळूहळू मालकीची वस्तू कसे बनते, याचा हा आपल्याच घरातील दाखला होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली ग्रामपंचायतींच्या आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेच्या पहिल्या निवडणुका झाल्या. शतकानुशतके ज्यांनी हुकूम ऐकले, त्या सामान्य जनांनी प्रथमच हुकूम देणारे निवडले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे मूळचे पेडण्याचे, व्यवसायाने खाणमालक. त्यांना सत्तेवाचून उपजीविका नव्हती असे नाही. उलट उद्योगधंद्यात यश मिळवून मगच ते राजकारणात आले. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. गोव्याच्या भवितव्याविषयी जनमत कौल घेण्याचे ठरले, तेव्हा तो निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. तो त्यांच्या विलीनीकरणाच्या मताविरुद्ध गेला. तरी पुढे लगेच झालेल्या निवडणुकीत लोकांनी त्यांच्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की, लोकांचा कौल निकोप राहावा म्हणून खुर्ची खाली करता येते, हे गोव्याने पाहिले आहे. आणि खुर्ची खाली करणाऱ्याचा मान त्यामुळे कमी झाला नाही, हेही पाहिले आहे.

हे चित्र फार दिवस टिकले नाही. १९७९ साली सत्तारूढ पक्षातल्याच काही सभासदांनी साथ सोडल्यामुळे सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला, विधानसभेच्या जागा ३० च्या ४० झाल्या. आणि नंतरच्या दशकात, म्हणजे १९९० ते २००० या काळात, मुख्यमंत्रिपदाची शपथ दहाहून अधिक वेळा घेतली गेली. एक मुख्यमंत्री तर तीन आठवडेही टिकले नाहीत. पक्षांतरास आळा घालण्यासाठी १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडण्यात आले. त्यातील एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३ च्या दुरुस्तीने बंद केली गेली आणि मंत्र्यांच्या संख्येलाही मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे गोव्यात आता बाराच मंत्री होऊ शकतात. तथापि दोन-तृतीयांश सभासदांच्या विलीनीकरणाचे दार उघडे राहिले. जुलै २०१९ मध्ये विरोधी पक्षाच्या पंधरांपैकी दहा आमदारांनी आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ आमदारांनी त्याच दारातून प्रवेश केला. या दुसऱ्या प्रसंगापूर्वी, निवडणुकीच्या तोंडावर, त्या पक्षाच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्गा या तिन्ही ठिकाणी निष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या. त्याच २०२२ च्या निवडणुकीत चाळीस सभासदांच्या विधानसभेत तीन दांपत्ये निवडून आली.

येथे कोणा एका पक्षावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. गेल्या चार-पाच दशकांत सोडून जाणारे आणि सामावून घेणारे सर्वच बाजूंना झाले. प्रश्न असा की, शपथ घेतलेला माणूस ती मोडण्यास का प्रवृत्त होतो? लोभ हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. माझ्या मते खरे कारण असे आहे की, अशा मनुष्याला परतीची वाट उरलेली नसते. मंत्रिपद गेले, सत्ताधारी पक्षाचा आसरा गेला, तर उद्यापासून आपण कोण, या प्रश्नाचे त्याच्याजवळ उत्तर नसते. नांगर ज्याच्या अंगणात उभा आहे, त्याला विरोधी बाकावर पाच वर्षे बसणे जड जात नाही. ज्याने नांगर कधीच मोडून टाकला, त्याला पाच दिवसही जड जातात. लोकप्रतिनिधित्व हा पेशा झाला की मतदारसंघ हे वतन होते. आणि वतन म्हटले की ते राखणे, वाढविणे आणि पत्नीस, पुत्रास वा बंधूस लावून देणे हे ओघानेच आले.

या मतावर जे आक्षेप घेता येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप अनुभवाचा. राज्यकारभार ही आज अतिशय गुंतागुंतीची बाब झाली आहे. अंदाजपत्रक वाचणे, कायद्याच्या मसुद्यातील खोच ओळखणे, अधिकाऱ्याने पुढे केलेल्या टिपणातील उणीव हेरणे, ही विद्या एका दिवसात येत नाही. प्रतापसिंह राणे हे १९७२ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे सलग पन्नास वर्षे, विधानसभेचे सभासद होते; विधिमंडळाच्या रीतिभाती जाणणारा असा माणूस सभागृहात असणे हा लाभच होय, असे पुष्कळांना वाटते, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील काही संस्थानांनी १९९० पासून आमदारांच्या मुदतींवर कडक मर्यादा घातल्या. तेथील अभ्यासकांना असे आढळले की, आमदार नवखे राहिल्याने वजन वाढले ते राज्यपालांचे, नोकरशाहीचे आणि पडद्याआडून काम साधून घेणाऱ्यांचे. मिशिगनला तर २०२२ साली आपले नियम बदलावे लागले. आपल्याकडील ग्रामपंचायतीतही हे दिसते. सरपंच नवा असला की खरा कारभार पंचायतीचा चिटणीस, गटविकास अधिकारी आणि कंत्राटदार यांच्या हाती जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकसेवा ही फावल्या वेळची आणि बिनपगारी असावी असे म्हटले, तर ती केवळ सधनांचीच होऊन बसेल. म्हणूनच इंग्लंडमधील मजूरवर्गाने १८३८ च्या आपल्या सनदेत, पार्लमेंटच्या सभासदांस वेतन मिळावे, अशी मागणी केली आणि १९११ साली ती मान्य झाली. ज्याच्या हातावर पोट आहे अशा काजू बागायतदाराच्या गड्याने किंवा खाणीवरच्या ट्रक-चालकाने विधानसभेत जावयाचे असेल, तर त्याला मानधन मिळालेच पाहिजे. त्याबद्दल कुरकुर करणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत १८१६ साली काँग्रेसच्या सभासदांनी दिवसाचा सहा डॉलरचा भत्ता मोडून स्वतःस सालीना दीड हजार डॉलर वेतन ठरवून घेतले, तेव्हा लोक एवढे खवळले की पुढच्या निवडणुकीनंतर निम्म्याहून अधिक सभासद सभागृहात परतले नाहीत. या रागातील सावधपणा घ्यावा. परंतु गरिबाला दार बंद करणारा भाग मात्र टाकून द्यावा.

मग पूर्ण वेळ राजकारण करणारा प्रत्येक माणूस वतनदारच समजावा काय? तसे म्हणता येणार नाही. आपल्याच कोकणच्या मातीतले उदाहरण पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी आधी वीस वर्षे अल्प वेतनावर पुण्यात शिक्षकाचा पेशा केला आणि नंतर १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या संस्थेचे सभासद सारे आयुष्य सार्वजनिक कामास वाहून घेत. त्यांचा सगळा वेळ राजकारणाचा आणि समाजकार्याचाच होता. पण त्यांच्या चरितार्थाची तरतूद साधी आणि ठरावीक होती, आणि निवडणुकीतल्या हारजितीने ती कमी-अधिक होत नव्हती. तसेच १९३१ च्या कराची अधिवेशनातील ठरावास अनुसरून १९३७ साली काँग्रेसच्या प्रांतिक मंत्र्यांनी मासिक पाचशे रुपयेच वेतन घेतले. यावरून असे दिसते की, राजकारणास किती तास दिले किंवा किती वर्षे दिली, ही खरी कसोटी नाही. सत्ता गेल्यावर हा माणूस कोण उरतो, ही कसोटी आहे. ज्याचे उत्तर शिक्षक, बागायतदार, वकील, कारागीर किंवा निर्मोही लोकसेवक असे येते, त्याच्या हाती सत्ता निर्धास्तपणे द्यावी. ज्याचे उत्तर 'कोणीच नाही' असे येते, त्याच्यापासून सावध राहावे.

हा विचार पणजीपुरता नाही. आपल्या गोव्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हांवर होत नाहीत. पंच प्रभागांतून निवडले जातात आणि त्यांतूनच सरपंच निवडला जातो. पाच ते अकरा पंचांच्या मंडळात बहुमत इकडचे तिकडे होण्यास एक माणूस पुरतो. पुष्कळ ठिकाणी पंच आपापसांत आधीच ठरवितात की, पहिली काही वर्षे सरपंचपद याचे, पुढची त्याचे. कोणाची वाटणी चुकली की अविश्वासाचा ठराव येतो. वरवर पाहता ही आळीपाळीच दिसते. परंतु पेन्सिल्व्हेनियाच्या घटनाकारांना अभिप्रेत असलेली आळीपाळी आणि ही आळीपाळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेथे अधिकाधिक लोकांनी काम शिकावे म्हणून पद फिरत होते. येथे मान आणि लाभ वाटून घ्यावा म्हणून ते फिरते. देवस्थानात ज्या घराण्याची पाळी असते, ते घराणे त्या दिवशी दिवा लावते, तेल घालते, आंगण सारवते. पाळी म्हणजे काम, हा अर्थ आपल्या खेड्यातील अशिक्षित म्हातारीलाही ठाऊक असतो. तोच अर्थ पंचायतीच्या कचेरीत शिरताना आपण उंबरठ्याबाहेर का ठेवतो?

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना तर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. डिचोलीच्या डोंगरांतून पिढ्यान्‌पिढ्या लोहखनिज निघाले. २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, त्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ साली पुन्हा थांबल्या. नंतर लिलावाने पट्टे देण्यास आरंभ झाला आणि त्यांत पहिला डिचोलीचाच होता. पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. जमिनीचे भाव चढले आणि शेतजमिनींवर, डोंगरउतारांवर बाहेरच्यांची नजर पडली. अशा वेळी एखाद्या झऱ्याचे पाणी राखावे की नाही, भातशेतीचे रूपांतर करू द्यावे की नाही, रस्ता कोठून न्यावा, हे निर्णय जे करतात, त्यांचा स्वतःचा त्या मातीशी संबंध काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. ज्याचे शेत त्याच झऱ्यावर भिजते, त्याची सही आणि ज्याला पुढच्या निवडणुकीचा खर्च भागवावयाचा आहे, त्याची सही, या दोन्ही सह्या एकाच शाईने होतात; परंतु त्यांचे परिणाम एक होत नाहीत.

यावर उपाय काय? केवळ कायदा करून हे साधेल असे मला वाटत नाही. कायद्याला पळवाटा असतात, हे दहाव्या परिशिष्टाने दाखवून दिलेच आहे. तरी काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. विधानसभेसाठी अनुभवाची गरज असल्याने तेथे मुदतीचे कडक बंधन नको. परंतु पक्ष बदलणाऱ्याने प्रथम सभासदत्वाचा राजीनामा द्यावा आणि पुन्हा लोकांपुढे जावे, मग बरोबर येणारे दोन-तृतीयांश असोत की सर्वच असोत. गावात मात्र लागोपाठ दोनदा सरपंच होऊ नये आणि एका घरात ते पद लागोपाठ जाऊ नये, असा संकेत ग्रामस्थांनीच रूढ करावा. वॉशिंग्टनचा दंडक दीडशे वर्षे लेखी नव्हता, तरी तो मोडण्याचे धैर्य सहसा कोणास झाले नाही, कारण लोकांना तो पसंत होता. मुदत संपलेल्या सरपंचाने नव्यास एक वर्ष कामकाज समजावून द्यावे, म्हणजे अनुभव वाया जाण्याची भीती उरणार नाही.

सर्वांत मोठा उपाय ग्रामसभेचा. गोवा पंचायतराज कायदा १९९४ सालचा. त्यान्वये गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा आपोआप सभासद असतो. गावकारीत जो हक्क काही घराण्यांचा होता, तो आता कुळाला, मजुराला, स्त्रीला, सर्वांना मिळाला आहे. प्राचीन अमेरिकन नागरिकाला किंवा प्राचीन गावकाराला जे साधले नाही, ते आपल्याला कायद्याने सहज दिले आहे. परंतु ग्रामसभा रविवारी भरते आणि रविवारी आपल्याला दुसरी कामे असतात. शिगम्यात मांडावर पाय ठेवायला जागा नसते आणि ग्रामसभेत खुर्च्या रिकाम्या राहतात, हे शोभादायक नाही. जेथे नागरिक वर्षातून चार सकाळी देऊ शकत नाहीत, तेथे सारे आयुष्य देण्यास तयार असलेला वतनदार पुढे येणारच. पेशेवाईक पुढाऱ्याला जन्म देते ती आपली उदासीनता. म्हणून त्याच्यावर टीका करण्यापूर्वी आपल्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहावे.

विद्यार्थिमित्रहो, मोठेपणी कोण होणार, असा प्रश्न वर्गात विचारला की डॉक्टर, इंजिनियर, सैनिक, परिचारिका अशी उत्तरे येतात. क्वचित कोणी 'मंत्री' म्हणतो आणि वर्ग हसतो. पण 'पंच होईन' असे म्हणणारा विद्यार्थी सहसा भेटत नाही. मला वाटते, हे उत्तर पहिल्या उत्तरांना जोडून आले पाहिजे. डॉक्टर व्हा आणि पाच वर्षे पंचही व्हा. बागायतदार व्हा आणि एक मुदत सरपंचकीही करा. गृहिणी असा, शिक्षिका असा, आपल्या प्रभागाची पाळी आली की ती आनंदाने घ्या. कायद्याप्रमाणे अठराव्या वर्षी मत आणि एकविसाव्या वर्षी पंचायतीची उमेदवारी तुम्हाला मिळणार आहे. ती संधी म्हणजे नशीब काढण्याचे साधन नसून गावचे ऋण फेडण्याची एक पाळी आहे, असे समजा. काम झाले की हिशेब पुढच्याच्या हाती द्या, चाव्या द्या आणि आपल्या कामाला लागा.

शाळेतही याचा अभ्यास करता येतो. ज्या वर्गात वर्गनायकपद दर महिन्यास बदलते आणि मावळता नायक नव्याला हजेरीपट, खडूची पेटी आणि पाण्याच्या माठाची जबाबदारी समजावून देतो, त्या वर्गात वर्षअखेरीस दहा जणांना काम येते आणि कोणालाही त्या पदाची चटक लागत नाही. गावाचे आणि राज्याचेही याहून वेगळे नाही. फक्त माठ मोठा आहे, त्यातले पाणी सर्वांचे आहे, आणि तो स्वच्छ राखण्याची पाळी आज ना उद्या आपणा प्रत्येकावर येणार आहे. त्या दिवसासाठी तुम्ही तयार असावे, हीच इच्छा.